पिंपळधऱ्याची आई

१

आई तीन तुकडे होऊन फरशीवर पडली होती, आणि भावना साठ्ये मघापासून एकच गोष्ट सांगत होती.

"सुलेखाताई, फक्त जोडून द्या. शनिवारी उद्घाटन आहे. बाकीचं नंतर बघू."

सुलेखा गजभियेने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मातीवर काम करायची. भाजलेली माती का तडकते, किती भार सोसते, हा तिचा विषय. सिंगापुरात तिच्या बिशानच्या फ्लॅटपासून सेरंगूनचं हे मराठी केंद्र जवळ, त्यामुळे सोंड तुटलेले गणपती तिच्याकडेच यायचे. आज तिला अर्ध्या जेवणावरून बोलावलं होतं, आणि कशासाठी ते फोनवर सांगितलंही नव्हतं. ती आधीच वैतागलेली होती.

केंद्राच्या वरच्या मजल्यावर नऊ काचपेट्या मांडल्या होत्या. आठ पेट्यांत मातीच्या लहान मूर्ती होत्या: घोडे, बैल, हात जोडलेली माणसं. नवव्या पेटीचं दार उघडं होतं आणि आत काही नव्हतं.

मूर्ती पिंपळधऱ्याच्या. मराठवाड्यातल्या त्या गावाबाहेर एका फार जुन्या देवळाचा नुसता चौथरा उरला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी लोक तिथे नवस फेडायला मातीची मूर्ती आणून ठेवत. बैल दुखण्यातून उठला, ताप उतरला, मूल झालं, की एक मूर्ती. देवळात जागा उरली नाही की पुजारी जुन्या मूर्ती मागच्या खड्ड्यात पुरून टाकत. प्रबोध राजहंस या पुरातत्त्व संशोधकाने तरुणपणी तो खड्डा उकरला. ढीगभर तुकड्यांत धड अशा नऊच निघाल्या. त्यांतली वीतभर उंचीची, मांडीवर मूल घेऊन बसलेली, आतून पोकळ बाई म्हणजे आई. हे नाव गावाने दिलं होतं. देवस्थानाने सगळ्या परवानग्या घेऊन या मूर्ती तीन महिन्यांसाठी सिंगापूरला पाठवल्या होत्या.

"इमारतीत कोण होतं?" सुलेखाने विचारलं.

"मी खाली ऑफिसात. अश्विन त्याच्या स्कॅनरपाशी. प्रबोध सर मागच्या खोलीत पडले होते. देवस्थळींच्या नीतावहिनी तोरणं द्यायला आल्या होत्या, त्या वर जाऊन आल्या." भावना केंद्राची संचालक होती आणि तिचा आवाज एरवी ठाम असायचा. आता तो बारीक झाला होता. "आतला दिवा बदलायचा म्हणून पेटी मीच उघडी ठेवली होती. कोणीच म्हणत नाही की माझा धक्का लागला."

सुलेखा गुडघ्यांवर बसली आणि तिने डोक्याचा तुकडा उचलला. चेहरा शाबूत होता: लांबट डोळे, खाली झुकलेली नजर. तिने तुकडा उलटा करून फुटलेली कड खिडकीच्या उजेडात धरली. मग दुसरा घेतला. मग तिसरा.

जुन्या काळी मूर्ती उघड्या भट्टीत भाजत. त्या आतपर्यंत नीट भाजल्या जात नसत. बाहेरून लाल, मधे काळा पट्टा, आणि माती मळताना घातलेला भुसा जळून गेल्याची बारीक भोकं. सुलेखाने हे किती वेळा हातात धरून पाहिलं होतं. हा तुकडा मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा लाल होता. त्यात एक भोक नव्हतं. गाळून घेतलेली माती विजेच्या भट्टीत सावकाश भाजली की अशी दिसते.

"भावना, ही जोडून काय करणार?" ती म्हणाली. "ही आई नाही. ही अलीकडे कोणीतरी केलेली नक्कल आहे."

२

भावनाने आधी दार लावून घेतलं.

"हे अजून कोणाला बोलू नका."

"खरी मूर्ती कुठे आहे ते शोधायचं की नाही?"

"तुमची खात्री आहे?"

"चिमूटभर भुकटी दे. प्रयोगशाळेत तापवून पाहिली की वय कळेल."

"यशोधन सरांना विचारावं लागेल. प्रदर्शन त्यांच्या खर्चाने होतंय."

म्हणून सुलेखा रॅफल्स प्लेसला गेली. यशोधन देवस्थळी तिथल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याच्या केबिनच्या काचेतून नदी दिसत होती. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, कॉफी मागवली आणि नम्रपणे नकार दिला.

"मूर्ती देवस्थानाच्या आहेत. त्यांच्या परवानगीशिवाय चाचणी कशी करणार?"

"मग बाबूरावांना फोन करू. तेच अध्यक्ष आहेत ना?"

"करू. उद्घाटन होऊ दे."

"उद्घाटनात लोकांना काय दाखवणार?"

"तुम्ही जोडलेली मूर्ती." त्याने कप खाली ठेवला. "सांधा दिसणार नाही ना?"

गेल्या वर्षी याच माणसाने पिंपळधऱ्याच्या लहानशा संग्रहालयाला नव्या काचपेट्या करून दिल्या होत्या. इतकी जुनी वस्तू फुटली, वर ती खोटी निघाली, आणि त्याला सांध्याची काळजी होती.

"एक विनंती," तो म्हणाला. "नीताला एवढ्यात काही सांगू नका. तिचं माहेर पिंपळधऱ्याजवळचं. दरवर्षी आईला साडी-नारळ घेऊन जाते. आम्हाला मूल नाही. तिचं सगळं त्या मूर्तीत आहे."

"वहिनी तेव्हा केंद्रातच होत्या. त्यांना ठाऊक आहे."

"असं का," यशोधन म्हणाला आणि नदीकडे पाहू लागला.

एमआरटीच्या गाडीत उभ्याने परतताना सुलेखाला स्वतःचाच राग आला. चाचणी नाही, फोन नाही, आणि विचारलेल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर नाही. केंद्रात पोचली तेव्हा खालच्या हॉलमध्ये नीता देवस्थळी खुर्चीवर चढून दाराला तोरण बांधत होती. सुती साडी, केसांत मोगरा, बोटांच्या पेरांवर कुंकवाचा लाल डाग.

"पूजा राहिली होती, ती उरकून परत यायला उशीर झाला हो," ती हसून म्हणाली. "चहा घेणार?"

वर आई फुटलेली होती आणि नीता तोरणाची गाठ सारखी करत होती. तिने मूर्तीबद्दल एक शब्द विचारला नाही. सुलेखाला ते खटकलं. पण तेवढ्यात वरून अश्विनचा चढलेला आवाज आला. तो भावनाला सांगत होता की चोर म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं, तर तो आत्ता सामान उचलून निघून जाईल.

३

अश्विन माटेवर संशय जाणं साहजिकच होतं. मूर्तींची लाकडी पेटी सिंगापुरात आली त्या दिवशी त्याने सगळ्या मूर्तींचं स्कॅन केलं होतं, आणि त्यावरून केंद्रात विकायला मातीच्या प्रतिकृती बनवल्या होत्या. चाळिशीचा, तिरसट माणूस. टेबलावर नऊ प्रतिकृती ओळीने ठेवून तो तिच्यासमोर हाताची घडी घालून बसला.

"विचारा. मातीच्या मूर्ती इथे फक्त मीच करतो. म्हणजे मीच."

"तुमची माती फोडून बघू का?"

"फोडा."

तिने एका बैलाचं शिंग मोडलं. आतून पांढरट माती निघाली, वरून नुसता लाल रंग दिलेला.

"ही नक्कल तुमची नाही," ती म्हणाली.

"तेच सांगतोय. कोणी ऐकत नाही."

"पण वेगळी माती आणून एक करणं तुम्हाला अवघड नव्हतं."

अश्विनने वर छताकडे पाहिलं. सुलेखालाही त्याचा वैताग समजत होता. एका हाताने दिलेली सुटका ती दुसऱ्या हाताने काढून घेत होती.

"माती सुकताना आणि भाजताना आकसते ना?" तिने विचारलं.

"अर्थात. म्हणून मी स्कॅन आधी तेवढं मोठं करून घेतो. भाजून निघाली की बरोबर मूळ मापाची होते. नऊच्या नऊ. एकच हिशेब सगळ्यांना."

"मूर्ती कशात आल्या होत्या?"

लाकडी पेटी कोठीच्या खोलीत होती. आतल्या फोममध्ये प्रत्येक मूर्तीच्या आकाराचा खळगा कापलेला होता. प्रबोध सरांनी गावात खऱ्या मूर्ती समोर ठेवून, देवस्थानाच्या माणसांदेखत तो कापला होता. सुलेखाने अश्विनच्या प्रतिकृती एकेक करून खळग्यांत बसवल्या. घोडा घट्ट बसला. बैल घट्ट बसला. हात जोडलेला माणूस थोडा दाबावा लागला. आठही आपापल्या जागी बसल्या.

नववी आई. ती खळग्यात ठेवली आणि एका बाजूला कलंडली. तिच्याभोवती करंगळी सहज फिरत होती.

अश्विन पुढे वाकला. "पेटी उघडली तेव्हासुद्धा सैलच होती. मला वाटलं, फोम दबला असेल."

"एकाच मूर्तीचा?"

अश्विनने खळग्याची कड बोटाने दाबून पाहिली. सुलेखा बोलता बोलता स्वतःला पटवत गेली. कोणीतरी खऱ्या आईवरून साचा घेतला होता. साच्यातली माती आकसली आणि नक्कल थोडी लहान झाली. अश्विनने त्याच लहान नकलेचं स्कॅन केलं, म्हणून त्याची प्रतिकृतीही तितकीच लहान. म्हणजे पेटी इथे उघडली त्याआधीच आई बदललेली होती. अश्विन सुटला. भावनाही सुटली.

"गाव ते सिंगापूर, पेटी कोणाकोणाच्या ताब्यात होती?" तिने खाली येऊन भावनाला विचारलं.

"प्रबोध सरांनी भरली. यशोधन सरांनी स्वतःच्या गाडीतून पुण्याला नेली, तिथे दोन-तीन दिवस त्यांच्या घरी होती. मग मुंबईत सील झाली. परवानग्यांत बरेच महिने तशीच पडून राहिली."

"आणि साचा घ्यायला आई आधी कोणाला मिळाली असेल?"

भावनाने मान खाली घातली. "गेल्या वर्षी नव्या पेट्यांची मापं घ्यायला सगळ्या मूर्ती महिनाभर यशोधन सरांकडेच होत्या."

हे सगळं नीट जुळत होतं. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती, आणि तिच्यामुळे बाकीचं सगळं कोसळत होतं. ज्याने नक्कल केली त्याला ती धड हवी होती. तीन महिने काचेत राहून ती मुकाट्याने गावी परत गेली असती. मग ती फोडली कोणी?

४

सुलेखा जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत जाऊन बसली. तिने चहा घेतला आणि तो तसाच गार होऊ दिला. प्रयोगशाळेतून दोन फोन येऊन गेले. तिने ते घेतले नाहीत.

मूर्ती फुटली तेव्हा यशोधन त्याच्या बँकेत होता. नीता केंद्रात होती, पण नवऱ्याचं बिंग फुटेल असं ती कशाला करेल? चुकून फुटली म्हणावं, तर कोणीतरी ओशाळं झालं असतं, घाबरलं असतं. पुरावा नाहीसा करायचा म्हणून फोडली असेल, तर फोडणाऱ्याने तिचा चुरा केला असता. तीन मोठे, नीट तुकडे कशाला ठेवले असते?

ती उठली. चहा तिथेच राहिला.

भावनाने तुकडे दिसल्यावर लगेच फोनवर फोटो काढला होता. सुलेखाने तो मोठा करून पाहिला. तिन्ही तुकड्यांची फुटलेली बाजू वर होती. हातातून पडलेली वस्तू अशी पडत नाही. एखादा तरी तुकडा पालथा होतो. मग तिने खोलीतली फरशी तपासली. तुकडे पडले होते तिथे कण नव्हता. लाल चुरा होता तो खिडकीजवळच्या टेबलाखाली. कोणीतरी मूर्ती टेबलाच्या कडेवर दाबून मोडली होती, आणि मग तुकडे आणून, आतली बाजू दिसेल असे, पेटीपुढे मांडले होते.

फोडणाऱ्याला काही लपवायचं नव्हतं. त्याला दाखवायचं होतं.

प्रबोध राजहंस मागच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढलेले, जाड भिंगांचा चष्मा. सुलेखा त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"सर, तुम्ही ती फोडली."

"हो," ते म्हणाले. "आतून लाल होती ना?"

"पूर्ण."

त्यांनी डोळे मिटले. मग सावकाश बोलू लागले. पेटी उघडली त्या दिवशी त्यांनी आईला हातात घेतलं होतं. ती जड लागली. खालच्या भोकातून बोट घातलं, तर आतला भाग गुळगुळीत. खऱ्या आईच्या आत, मूर्ती घडवताना माती दाबणाऱ्या बोटांचे खळगे आहेत. तरुणपणी त्यांनी ते शंभरदा चाचपले होते.

"मी लगेच भावनाला सांगितलं. ती म्हणाली, सर, प्रवासाने थकलाय, तुमचे डोळे, तुमचं वय. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. मग यशोधनला फोन केला. तो म्हणाला, डॉक्टरांना दाखवू या का? गावात बाबूरावाला सांगणार, तर भावना म्हणाली, खात्रीशिवाय गावात गोंधळ कशाला. दोन आठवडे मी हेच करतोय, बाई. म्हाताऱ्या माणसाशी लोक इतकं गोड बोलतात की पुढे बोलणंच खुंटतं."

"फोमचा खळगा सैल होता. तो दाखवायचा."

"सुचलं नाही," ते साधेपणाने म्हणाले. "मूर्ती फुटेल आणि कोणीतरी आत बघेल, एवढंच सुचलं. आणि मी फोडली म्हणून कबूल केलं असतं, तर सगळे म्हणाले असते, हातातून पाडली आणि आता खोटी होती म्हणतोय. म्हणून गप्प बसलो. ती खोटी आहे हे बघणाऱ्याने स्वतः म्हणायला हवं होतं."

"आणि तुमचा अंदाज चुकला असता तर?"

"तर खरी आई मीच मोडली असती," प्रबोध सर म्हणाले. "मोडताना ते माझ्या मनात होतंच."

सुलेखा तडक खाली गेली. भावना पाहुण्यांसाठी खुर्च्या मोजत होती.

"सरांनी तुला दोनदा सांगितलं होतं. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. मी दिवसभर भिंतीवर डोकं आपटतेय."

भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, वय झालंय. आणि यशोधन सरांनी पाठ फिरवली असती तर प्रदर्शनच झालं नसतं. दोन वर्षं खपलेय मी यासाठी."

"पेटी उघडली त्या दिवशी नीतावहिनी होत्या?"

"होत्या. त्यांच्यासाठी मी हळदकुंकवाची थाळी मुद्दाम तयार ठेवली होती. दरवर्षी एवढ्या लांब जातात, म्हटलं, इथे पहिला मान त्यांचा." भावनाने डोळे पुसले. "पण त्यांनी हातसुद्धा लावला नाही. लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, आज राहू दे."

मग भावना हळूच खुर्चीवर बसली.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "सुलेखाताई, त्यांना माहीत होतं की ही ती नाही."

५

शुक्रवारी सकाळी सुलेखा, भावना आणि प्रबोध सर टॅक्सीने देवस्थळींच्या कॉन्डोतल्या घरी गेले. भावनाने यशोधनला फोनवर एवढंच सांगितलं होतं की घरी थांबा. त्यानेच दार उघडलं. बँकेचे कपडे घातलेला, पण टाय नाही. आतून कापराचा वास येत होता.

"बसा," तो म्हणाला. कोणी बसलं नाही.

सुलेखाने उभ्याउभ्याच सांगितलं: लाल गाभा, फोमचा खळगा, पुण्यातले दोन-तीन दिवस, न उचललेली थाळी. तिचं बोलणं संपायच्या आत नीता आतल्या खोलीतून बाहेर आली. केस ओले होते, पदर खोचलेला.

"या," ती म्हणाली. "आत्ताच न्हाऊ घातलंय."

देवघर छोटं होतं, भिंतीतल्या कपाटात. चांदीच्या ताम्हनात वीतभर उंचीची मूर्ती बसली होती, ओली, गळ्यात मोगऱ्याचा बारीक हार. सुलेखा पुढे झाली आणि जागच्या जागी थांबली.

मूर्तीला चेहरा नव्हता. डोळे, नाक, ओठ, काहीच नाही. जिथे तोंड असायला हवं तिथे मातीचा झिजलेला, खपल्या सुटलेला गोळा होता. खांद्यांवर पांढरी पूड फुटून आली होती. मांडीवरचं मूल तेवढं शिल्लक होतं. ते हातांच्या आड होतं.

"रोज काय घालता?" सुलेखाला स्वतःचा आवाज परका वाटला.

"दूध, मग पाणी. कधी मध."

"आणि मग एसी."

"गरम होतं ना तिला."

कमी भाजलेली माती. दोन हजार वर्षं जमिनीतले क्षार प्यायलेली. रोज भिजवायची, रोज सुकवायची. दर वेळी क्षार वर येणार, फुलणार आणि कातडी सोलून नेणार. सुलेखाला हे सगळं ओरडून सांगायचं होतं. सांगून काय मिळणार होतं, हे मात्र तिला कळत नव्हतं. ती उशिरा आली होती. परवा आली असती तरी उशीरच झाला असता.

प्रबोध सरांनी हात पुढे केले. नीताने हार काढून मूर्ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, खालच्या भोकात बोट घातलं आणि आत हळूहळू फिरवलं.

"हीच," ते म्हणाले.

"नक्कल मी करून घेतली," यशोधन म्हणाला. "पुण्यातल्या एका मूर्तिकाराकडून. पेटी घरी होती तेव्हा मूर्ती बदलली. नीताने खरी आई साडीत गुंडाळून हातातल्या पिशवीतून आणली. देवाची मूर्ती म्हणून विमानतळावर कोणी अडवलं नाही. दोष माझा आहे. ती रोज रडायची."

"मी आधी मागितली होती," नीता म्हणाली. "बाबूरावांना दोनदा म्हटलं, वर्षभर घरी द्या. म्हणाले, सरकारी कायदा आहे. आणि त्यांनी काय केलं तिचं? काचेत कोंडली. तिथे तिला कोणी पाणीसुद्धा दाखवत नव्हतं."

"नीता," प्रबोध सर म्हणाले, "ही देवी नाही. कोणा बाईला मूल झालं, तिने नवस फेडायला देवळात ठेवलेली ही मूर्ती. देवी आत होती. ही दारात बसायची."

"माहीत आहे, सर. तुमचं व्याख्यान मी तीन वेळा ऐकलंय." नीताने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "जिला मिळालं, तिलाच विचारायचं ना, कसं मिळालं म्हणून."

प्रबोध सरांनी मूर्ती सावकाश सुलटी केली. भावना भिंतीला टेकून उभी होती.

"उद्या नववी पेटी रिकामी ठेवायची," सुलेखा तिला म्हणाली. "आणि का रिकामी आहे ते पाटीवर लिहायचं. भारतीय हाय कमिशनला आजच्या आज कळवायचं."

"कळवते," भावना म्हणाली. या वेळी तिने कोणाला विचारलं नाही.

"आधी गावाला कळू दे," प्रबोध सर म्हणाले. "यशोधन, बाबूरावाला फोन लाव. आवाज सगळ्यांना ऐकू येऊ दे."

यशोधनने फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं आणि त्याचा आवाजच फुटेना. दुसऱ्यांदा "हॅलो" आलं तेव्हा नीताने फोन त्याच्या हातातून घेतला. तिने काही गाळलं नाही. नक्कल, पिशवी, दूध, पाणी, सगळं सांगितलं. तिचं संपलं तेव्हा पलीकडून नुसता एका ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"पोर हाय का मांडीवर?" शेवटी बाबूरावांनी विचारलं.

"आहे."

"आन् तोंड?"

"नाही राहिलं."

पुन्हा ट्रॅक्टर. मग तो बंद झाला.

"तिचं तोंड गेलं म्हणता, तर तुमचं तोंड दाखवायला तुमी सवता या," बाबूराव म्हणाले. "तिला कुनाच्या हाती धाडू नका. दर मंगळवारी चौथऱ्यावर बाया जमत्यात. त्यांच्यात माझी म्हातारी असती, तुमची मावशी असती. ह्ये जे मला सांगितलं, ते त्यांना सांगा. पोलिसाचं काय करायचं, ते त्या बाया सांगतील."

फोन बंद झाला.

"मी जातो," यशोधन म्हणाला.

"तुला कुठे बोलावलंय," नीता म्हणाली.

सुलेखाने मऊ टॉवेल मागून घेतला आणि मूर्ती त्यात गुंडाळली. क्षार काढायला ती शुद्ध पाण्यात ठेवावी लागेल, ते पाणी पुन्हा पुन्हा बदलावं लागेल, आणि तोवर ती कुठेही नेता येणार नाही, हे तिने सांगितलं.

"त्याने चेहरा परत येईल?" नीताने विचारलं.

"नाही."

"मग कशाला?"

"मूल वाचेल म्हणून."

नीताने मान हलवली आणि रिकामं ताम्हन उचलून धुवायला नेलं. आत नळ सुरू झाला. भावनाने प्रबोध सरांना हात दिला आणि ते दोघं पुढे झाले. सुलेखा टॉवेल छातीशी धरून लिफ्टपाशी उभी राहिली. तिला फार राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे तिला अजूनही कळत नव्हतं. तिने कोपराने बटण दाबलं.